शर्यतीचा ट्रॅक निवडताना : श्रेय, प्रेय आणि अधिष्ठान

ऑनलाइन स्टॉक कार शर्यतींत उतरणाऱ्याला दर आठवड्याला एक निर्णय घ्यावा लागतो : या आठवड्याच्या ट्रॅकवर धावायचे की नाही. गाडी एकदा ठरली की हंगामभर तीच राहते. ट्रॅक मात्र बदलत राहतो. या खेळातली सर्वांत प्रस्थापित सेवा म्हणजे 'आयरेसिंग'. डेव्ह केमर आणि जॉन हेन्री यांनी ती उभी केली आणि २००८ मध्ये ती खेळाडूंसाठी खुली झाली. तिचा एक हंगाम बारा आठवड्यांचा असतो आणि मालिकेतल्या प्रत्येक आठवड्याला एकेक ट्रॅक नेमून दिलेला असतो. बहुतेक मालिकांत बारापैकी सर्वोत्तम आठ आठवड्यांचेच गुण धरतात. काही ट्रॅक वर्गणीतच मिळतात. बाकीचे एकेक करून विकत घ्यावे लागतात आणि त्यांची किंमत साधारण बारा ते पंधरा डॉलर असते. चार आठवडे सोडण्याची मुभा आणि प्रत्येक ट्रॅकला लागणारा पैसा, या दोन गोष्टींमुळे निवड टाळता येत नाही.

वरवर पाहता हा हिशेबाचा विषय आहे. जिथे आपण जलद तिथे उतरावे, जिथे मार बसतो तो आठवडा सोडावा. पण माणूस कोणत्या भूमीवर कर्म करायचे ठरवतो, आणि ते कशासाठी, हा भारतीय तत्त्वविचारातला जुना प्रश्न आहे. संगणकाच्या पडद्यावर तो नव्याने उभा राहतो. भूमी खरी नसेल, गाडी खरी नसेल, जीव जाणार नसेल, तर त्या निवडीला नैतिक वजन उरते का, हे तपासण्यासारखे आहे.

आधी ट्रॅकविषयी. स्टॉक कार शर्यतींचे ट्रॅक बहुतांशी लंबगोल असतात आणि गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, सतत डावीकडे वळत धावतात. दुरून पाहणाऱ्याला ते सारे एकसारखे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे स्वभाव एकमेकांपासून फार दूर आहेत. १९५९ मध्ये सुरू झालेला डेटोना अडीच मैलांचा आहे आणि त्याची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. १९६९ चा टॅलाडेगा २.६६ मैलांचा, वळणांचा कल ३३ अंश. या दोन ठिकाणी पाय अॅक्सिलरेटरवरून फारसा उचलावाच लागत नाही. गाड्या एकमेकींच्या मागे हवेच्या आडोशाने थव्याने धावतात, आणि एकाचा हात जरासा चुकला की पंधरा-वीस गाड्या एका दमात आपटतात. अमेरिकेतल्या चालकांच्या बोलीत अशा अपघाताला 'बिग वन' म्हणतात.

मार्टिन्सव्हिल याच्या अगदी उलट. १९४७ पासूनचा हा ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा, लांबट, कमी कलाचा. तिथे वेगापेक्षा ब्रेकवर शर्यत ठरते. प्रत्येक फेरीत दोनदा गाडी जवळजवळ थांबल्यासारखी करून पुन्हा उचलावी लागते, आणि हेच शेकडो वेळा. ब्रिस्टलही अर्ध्या मैलाचाच, पण काँक्रीटचा आणि तीव्र कलाचा. तिथे श्वास घ्यायला सरळ रेषा उरत नाही. डार्लिंग्टनचा आकार अंड्यासारखा आहे, एक टोक रुंद आणि एक अरुंद. १९५० मध्ये तो ट्रॅक बांधला गेला तेव्हा जमीनमालकाच्या माशांच्या तळ्याला धक्का लावायचा नाही असे ठरले होते, म्हणून एका बाजूची वळणे आवळून घ्यावी लागली. त्या तळ्यामुळे आजही चालकाला दोन टोकांसाठी दोन वेगळ्या तऱ्हेने गाडी हाकावी लागते, आणि लेझरने मोजून बनवलेल्या संगणकीय डार्लिंग्टनमध्येही तेच करावे लागते. सोनोमा आणि वॉटकिन्स ग्लेन तर लंबगोल नाहीतच. तिथे उजवीकडेही वळावे लागते आणि गिअरचे काम वाढते.

म्हणजे ट्रॅक निवडताना खेळाडू आपल्यातला कोणता गुण कामाला लावायचा हेच निवडत असतो. टॅलाडेगा दुसऱ्यावर विश्वास टाकायला लावतो, मार्टिन्सव्हिल राग गिळायला, डार्लिंग्टन सवय मोडायला.

कठोपनिषदात यम नचिकेत्याला सांगतो की श्रेय आणि प्रेय या दोन वेगळ्या वाटा माणसापुढे येतात. शहाणा त्यांची पारख करून श्रेय घेतो, मंदबुद्धीचा मिळकतीच्या आणि ती राखण्याच्या लोभाने प्रेय घेतो. हे सांगण्याआधी यमाने नचिकेत्याची परीक्षा घेतलेली असते. मरणानंतर काय, हा प्रश्न सोडून दे, असे म्हणत त्याने दीर्घायुष्य, सोने, हत्ती, घोडे, रथात बसलेल्या आणि वाद्ये वाजवणाऱ्या अप्सरा, सारे देऊ केले. नचिकेत्याने ती वाहने आणि ते नाचगाणे यमालाच परत केले. वेगवान वाहनाचे आमिष इतक्या जुन्या ग्रंथात मोहाचा नमुना म्हणून येते, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

ऑनलाइन शर्यतीत प्रेयाचे सर्वांत ठसठशीत रूप म्हणजे गुणांकन. आयरेसिंगमध्ये खेळाडूला दोन आकडे चिकटलेले असतात. एक 'आयरेटिंग', जो कोणत्या ताकदीच्या स्पर्धकांत कितवा क्रमांक आला यावर चढतो-उतरतो. दुसरा 'सेफ्टी रेटिंग', जो चुका आणि धडका किती झाल्या यावरून ठरतो. पहिला आकडा वाढवण्यासाठी अनेकजण वर्षानुवर्षे त्याच तीन-चार ट्रॅकवर उतरतात आणि जिथे आकडा घसरण्याची भीती असते ते आठवडे मोकळे सोडतात. असे करण्यात नियमभंग काही नाही. पण काही हंगामांनी त्या माणसाजवळ मोठा आकडा असतो आणि शिकलेले फार थोडे असते. उपनिषदाने सांगितलेला मिळकतीचा आणि ती राखण्याचा लोभ तो हाच.

यावरून अवघड ट्रॅक म्हणजे श्रेय आणि सोपा म्हणजे प्रेय, असे समीकरण कोणी मांडले तर ते चूक ठरेल. अवघडाची हौस हीसुद्धा एक मोठी आवड असू शकते. चार लोकांत आपण ब्रिस्टल जिंकला असे सांगता यावे म्हणून ब्रिस्टलला उतरणाऱ्याने प्रेयच निवडलेले असते, फक्त त्याला कष्टाचा वेष दिलेला असतो. उलट नवख्याने सोप्या ट्रॅकवर महिनाभर फेऱ्या मारणे हे त्याचे श्रेय असू शकते. पतंजलीच्या योगसूत्रांत अभ्यास दृढ व्हायला तीन गोष्टी लागतात असे सांगितले आहे : दीर्घ काळ, खंड न पडणे आणि आदर. यातली तिसरी गोष्ट ट्रॅक निवडताना सर्वांत उपयोगी पडते. ज्या ट्रॅकविषयी खेळाडूच्या मनात आदर आहे, ज्याच्या एकेका वळणाकडे तो लक्ष देऊन पाहतो, तोच त्याला काही शिकवतो. नुसत्या शे-दोनशे फेऱ्यांनी अभ्यास होत नाही. पाय यंत्रवत चालत राहतात आणि मन भलतीकडे असते. लंबगोल ट्रॅकवर तेच ते करत राहण्याला हसणारे पुष्कळ भेटतात, पण जपमाळ ओढणाऱ्याला किंवा देवळाभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्याला पुनरुक्तीचे मोल सांगावे लागत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. या यादीत अधिष्ठान सर्वांत आधी येते. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ शरीर असा घेतला, कारण देहाच्या आधारावाचून कर्म होत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त तो स्थान असा घेतला आहे. एरवी या दोन अर्थांत फारसे अंतर पडत नाही, कारण माणूस जिथे असतो तिथेच त्याचे कर्म होते. ऑनलाइन शर्यतीत मात्र ते दोन्ही एकमेकांपासून तुटतात. देह चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला पोफळीच्या एखाद्या खोलीत खुर्चीवर असतो आणि गाडी अलाबामातल्या टॅलाडेगावर धावत असते. हात स्टिअरिंगवर खरोखर फिरतात, घाम खरा येतो, छातीची धडधड खरी असते. स्थान तेवढे दुसरीकडचे.

याचा परिणाम असा होतो की निवड करताना दोन्ही अधिष्ठानांचा विचार करणे भाग पडते. ट्रॅक कसा आहे हे पाहावे लागते, तसेच देह कुठे बसला आहे हेही. भारतातून खेळणाऱ्याच्या बाबतीत हा दुसरा विचार फार प्रत्यक्ष आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात, जेव्हा तिकडच्या शर्यतींना सर्वाधिक गर्दी असते, तेव्हा इथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सर्व्हर परदेशात असल्याने संदेश जायला-यायला वेळ लागतो. तो वेळ सेकंदाच्या लहानशा भागाएवढाच असतो, पण टॅलाडेगाच्या थव्यात दोन गाड्यांमधले अंतर वीतभरही नसते. संदेश उशिरा पोहोचला तर मागच्या माणसाच्या पडद्यावर पुढची गाडी एक ठिकाणी दिसते आणि असते दुसरीकडे. मग न झालेली धडक होते आणि पंधरा जणांची शर्यत संपते. मार्टिन्सव्हिलला वेग कमी. तिथे अशा उशिराने एखादा धक्का बसेल, सामूहिक नाश होणार नाही. सोनोमासारख्या ट्रॅकवर गाड्या विखुरतात आणि दोष आणखी कमी होतो. ज्याचे इंटरनेट डळमळते त्याने थव्याच्या ट्रॅकवर उतरू नये, हे तंत्राचे बंधन वाटते. प्रत्यक्षात ते इतरांविषयीचे कर्तव्य आहे.

दैव या पाचव्या कारणाची सर्वांत स्पष्ट ओळखही टॅलाडेगाच करून देतो. तिथे सारे बरोबर करूनही माणूस दुसऱ्याच्या चुकीने बाहेर पडतो. आयरेसिंगचा नियम यात भर घालतो : दोन गाड्यांची जोरदार धडक झाली की दोषाचे गुण दोघांनाही लागतात. चूक कोणाची होती याचा निवाडा यंत्र करत नाही. नव्या खेळाडूंना हे अन्यायाचे वाटते, आणि त्या क्षणी ते आहेही. तरी या नियमामागे एक विचार आहे. धडकेला सामोरा जाणारा माणूसही तिथे काही निवडी करून पोहोचलेला असतो : तो कोणाच्या शेजारी गेला, कधी गेला, मागच्या तीन फेऱ्यांत समोरच्याचा डळमळलेला हात त्याने पाहिला होता की नाही. पाच कारणांपैकी एकट्या कर्त्यालाच जबाबदार धरणारा नीट पाहत नाही, असे गीता त्याच ठिकाणी पुढे म्हणते. टॅलाडेगाला जाणाऱ्याने हे स्वीकारूनच जावे. ज्याला फळाची खात्री हवी आहे त्याच्यासाठी ती भूमी नाही.

इथे असा आक्षेप येतो की हे सारे मायेच्या प्रदेशातले आहे. पडद्यावरच्या ट्रॅकला कसली भूमी म्हणायची? अद्वैत वेदान्ताने सत्तेच्या तीन पातळ्या मानल्या आहेत. पारमार्थिक सत्ता ब्रह्माची, व्यावहारिक सत्ता रोजच्या जगाची आणि प्रातिभासिक सत्ता दोरीवर भासणाऱ्या सापाची. संगणकातला ट्रॅक तिसऱ्या पातळीवर ढकलून देण्याचा मोह होतो. पण दोरीवरच्या सापाची दोन लक्षणे आहेत : तो ज्याला दिसतो त्यालाच दिसतो, आणि ही दोरी आहे असे कळताच तो नाहीसा होतो. संगणकातला डेटोना चाळीस जणांना एकाच वेळी एकाच आकाराचा दिसतो, त्याच्यावर सर्वांना मान्य असलेले नियम चालतात, आणि हा खरा डेटोना नाही हे पहिल्यापासून ठाऊक असूनही तो नाहीसा होत नाही. त्याचे डांबर भास आहे. त्याच्यावर चाललेला माणसामाणसांचा व्यवहार भास नाही. म्हणून तिथले वागणे व्यावहारिक सत्तेतच मोडते आणि नीती त्याला लागू होते.

या निष्कर्षाला गेल्या काही वर्षांतल्या घटनांनी पुरावाच दिला आहे. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे खऱ्या शर्यती थांबल्या तेव्हा नॅस्कार या अमेरिकन संस्थेने आपल्या नामांकित चालकांची ऑनलाइन मालिका भरवली. २२ मार्चला होमस्टेड-मायामीच्या संगणकीय ट्रॅकवर पहिली शर्यत झाली आणि डेनी हॅमलिन जिंकला. ५ एप्रिलला ब्रिस्टलवर धडकेने वैतागलेला बब्बा वॉलेस शर्यत मध्येच सोडून निघून गेला; त्याच्या एका प्रायोजकाने त्यावरून त्याच्याशी संबंध तोडले. पुढच्याच आठवड्यात काइल लार्सनने एका ऑनलाइन शर्यतीत मायक्रोफोनवर वंशद्वेषी शब्द उच्चारला. त्या वेळी ट्रॅक इटलीतल्या मोंझाचा होता, तोही संगणकावरचा. नॅस्कारने त्याला निलंबित केले आणि त्याच्या संघाने काढून टाकले. भूमी पडद्यावरची होती, शब्द मात्र माणसाच्या तोंडून माणसांच्या कानी गेला होता. लार्सनला २०२१ मध्ये पुन्हा संधी मिळाली आणि त्याच वर्षी तो नॅस्कारच्या मुख्य मालिकेचा विजेता ठरला.

भूमीच्या बाबतीतही उलटा प्रवाह दिसतो. उत्तर कॅरोलिनातला नॉर्थ विल्क्सबरो हा ट्रॅक १९९६ नंतर नॅस्कारच्या मोठ्या शर्यतींतून बाहेर पडला आणि गवताने भरून गेला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये डेल अर्नहार्ट ज्युनिअर आणि सहकाऱ्यांनी तो साफ केला तो खरी शर्यत भरवण्यासाठी नव्हे, तर लेझरने मोजून संगणकात जतन करण्यासाठी. २०२० च्या मे महिन्यात त्यावर ऑनलाइन शर्यत झाली. त्यानंतर लोकांचे लक्ष तिकडे वळले, डागडुजी झाली, आणि २०२३ च्या मे महिन्यात त्याच भूमीवर नॅस्कारची ऑल-स्टार शर्यत धावली. शिकागोच्या रस्त्यांवरचा ट्रॅकही २०२१ मध्ये आधी संगणकात धावला आणि खऱ्या गाड्या त्यावर जुलै २०२३ मध्ये उतरल्या. प्रतिमा मूळ वस्तूच्या नंतर येते, हा क्रम इथे मोडला आहे.

संस्काराच्या सिद्धान्ताला तर रॉस चॅस्टेनहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. केलेले प्रत्येक कर्म चित्तावर ठसा ठेवते आणि तो ठसा योग्य वेळ येताच पुन्हा कर्म घडवतो, असे योगशास्त्र मानते. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मार्टिन्सव्हिलच्या शेवटच्या फेरीत चॅस्टेनने ब्रेक लावायचे सोडून गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि पूर्ण वेगाने भिंतीच्या आधारे घसटत पाच जणांना मागे टाकले. ही युक्ती आपण लहानपणी एका व्हिडिओ गेममध्ये करत असू, असे त्याने नंतर सांगितले. गेममध्ये तिला किंमत नव्हती. खऱ्या ट्रॅकवर देह पणाला लागला होता. पुढच्या जानेवारीत नॅस्कारने असे केल्यास दंड होईल असे जाहीर केले. खेळात ज्या ट्रॅकवर माणूस ज्या रीतीने धावतो, तो ठसा कुठे आणि कधी बाहेर येईल हे त्याच्या हातात उरत नाही. चांगल्या ठशाचेही असेच. विल्यम बायरनने चौदाव्या वर्षाच्या सुमारास संगणकावरच शर्यतीची सुरुवात केली, आणि २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षे तो खरी डेटोना ५०० जिंकला.

यापुढचा प्रश्न हिंसेचा. महाराष्ट्रात शर्यत आणि हिंसा हा विषय बैलगाड्यांमुळे सुमारे दशकभर न्यायालयात होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या अटींतही भूमीचा विचार आहे : धाव एक हजार मीटरपेक्षा लांब असता कामा नये. तिथे भूमी निवडताना बैलाच्या खुराचा आणि दमाचा विचार करावा लागतो, कारण दुःख त्याला होणार असते आणि त्याची संमती घेण्याची सोय नसते. ऑनलाइन शर्यतीत कोणाच्या अंगावर ओरखडा उठत नाही. म्हणून ती निखालस अहिंसक आहे असे म्हणणारे आहेत.

जैन आचार्यांनी द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा जो भेद केला तो इथे नेमका लागू पडतो. प्राण न घेताही मारण्याचा भाव मनात धरणे ही हिंसाच आहे. मागच्या फेरीत धक्का दिला म्हणून पुढच्या वळणावर मुद्दाम ठोकणाऱ्या खेळाडूच्या मनात जे असते ते भावहिंसेहून वेगळे नाही. त्यात द्रव्यही अगदीच नसते असे नाही : ज्याची तासाभराची शर्यत वाया गेली त्याचा तास खरा होता.

आणि इथेच ट्रॅकची निवड पुन्हा मध्ये येते. 'डेटोनावर मी कोणाला स्पर्श करत नाही, पण छोट्या ट्रॅकवर धक्के चालतातच', असे सर्रास म्हटले जाते. पतंजलीने अहिंसादी यमांना, म्हणजे संयमाच्या व्रतांना, महाव्रत म्हणताना अट घातली आहे की जात, देश, काळ आणि प्रसंग यांच्या सवलती त्यांना नसाव्यात. या सूत्रावरच्या भाष्यात देशाच्या सवलतीचे उदाहरण दिले आहे ते तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही असे म्हणणाऱ्याचे. बाकीच्या ठिकाणी तो मारतो, हे त्यातून निघतेच. छोट्या ट्रॅकवरचा धक्का याच जातीचा आहे का? इथे तारतम्य हवे. समोरच्याच्या मागच्या बंपरला हलकेच टेकून त्याला आतल्या वाटेवरून सरकवणे, ही मार्टिन्सव्हिलला सर्वांना ठाऊक असलेली आणि बहुतेकांनी मान्य केलेली रीत आहे. समोरचा त्यानंतरही शर्यतीत राहतो. कुस्तीगिराने पाठ टेकवणे जसे हिंसा नाही, तसेच हेही नाही. पण गाडी गरगर फिरावी, भिंतीवर जावी अशा हेतूने दिलेला धक्का कोणत्याही ट्रॅकवर हिंसाच राहतो. ट्रॅक बदलल्याने खेळाची रीत बदलते. हेतूचा न्याय मात्र सगळीकडे एकच. ज्या ट्रॅकवर गेल्यावर आपला राग आवरत नाही हे खेळाडूला अनुभवाने कळले आहे, तो ट्रॅक काही काळ सोडणे हा पळपुटेपणा ठरत नाही. तिथे परत जायचे ते राग आवरता येऊ लागल्यावर.

अपरिग्रहाचा मुद्दा लहान आहे, पण सांगितला पाहिजे. उत्सवी सवलतीत दहा-दहा ट्रॅक घेऊन ठेवणारे आणि त्यातल्या निम्म्यांवर कधीच न उतरणारे बरेच असतात. या ट्रॅकची मालकीही मिळत नाही. सेवेची वर्गणी चालू असेपर्यंत वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक पाहून, ज्या मालिकेत खरोखर उतरायचे तिच्यापुरते ट्रॅक घेणे एवढेच पुरेसे आहे.

राहिला प्रश्न आठ आठवड्यांचा. मर्यादित वाटा कशावर खर्चायचा, याचा विचार पोफळीला नवा नाही. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे भूमिगत वीजघर इथेच सह्याद्रीच्या पोटात आहे. शिवाजीसागराचे पाणी बोगद्यातून येऊन साडेचारशे मीटरहून अधिक खाली पडते, जनित्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठीच्या खोऱ्याकडे जाते. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्याच्या या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे जनित्रे वर्षभर अखंड चालवणे शक्य नसते. राज्याची विजेची मागणी शिगेला पोहोचते त्या तासांसाठी पाणी राखून ठेवतात. ज्या वेळी उपयोग सर्वाधिक, त्या वेळी खर्च, हे त्या वीजघराचे सूत्र आहे. शर्यतीच्या हंगामातही खेळाडूकडे वेळ, पैसा आणि मनाचा ताजेपणा यांचा ठरावीक साठाच असतो. तो रोज थोडा थोडा सांडण्यापेक्षा जिथे शिकणे सर्वाधिक होणार आहे त्या आठवड्यांना द्यावा. कोकणात जूनमध्ये सुरू होणारा हंगाम पावसाळ्यात येतो आणि वीज जाण्याचे प्रकार वाढतात; भर शर्यतीत गाडी अदृश्य झाली तर मागच्यांचे हाल होतात. अशा महिन्यांत थव्याचे ट्रॅक सोडण्याच्या चार आठवड्यांत घालणे शहाणपणाचे.

निवडीचा क्रम यातून असा लागतो. आपल्यामुळे इतरांच्या शर्यतीला बाधा येईल असा ट्रॅक आधी वगळावा, मग तो कितीही आवडता असो. उरलेल्यांत जिथे आपल्यातला कच्चा गुण कामाला लागतो, असे दोन-तीन ट्रॅक हंगामात मुद्दाम घ्यावेत आणि शर्यतीत उतरण्याआधी त्यांच्यावर एकट्याने पुरेसा सराव करावा. बाकीचे आठवडे आनंदासाठी निवडण्यात काहीच गैर नाही. उपनिषदाचा आक्षेप आनंदाला नाही, पारख न करता तो उचलण्याला आहे. गुणांकन वाढवण्यासाठी म्हणून एकही आठवडा निवडू नये. नव्या खेळाडूने तर पहिला हंगाम वर्गणीत मिळणाऱ्या ट्रॅकवरच पूर्ण करावा आणि त्यानंतरच पुढचा ट्रॅक विकत घ्यावा.